घटक ४ : विष्णुपंत दामले : चित्रपटाच्या थोरपणाचा शोध

४.० उद्दिष्टे

विद्यार्थिमित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस

• विष्णुपंत दामले यांच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील;
• पडदे रंगविण्याची कला, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण यांतून त्यांची चित्रपटदृष्टी कशी घडली, हे स्पष्ट करता येईल;
• ‘संत तुकाराम’ या चित्रपटाच्या आधारे चित्रपटाच्या थोरपणाचे निकष मांडता येतील;
• चित्रपटातील भाषारूपांचा आणि व्यक्तिरेखांचा संबंध उलगडून दाखविता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण साहित्यकृती आणि चित्रपट या दोन माध्यमांतील फरक पाहिला. आता त्यापुढचा, थोडा अवघड प्रश्न हाती घेऊ. एखादा चित्रपट चांगला आहे, रंजक आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु तो थोर आहे असे आपण केव्हा म्हणतो? पुष्कळ पैसा खर्च झाला, नामवंत नट लाभले, गाणी लोकांच्या ओठी बसली, एवढ्याने चित्रपट थोर ठरतो काय? तसे असते तर दरवर्षी अनेक थोर चित्रपट निर्माण झाले असते, आणि काही वर्षांतच ते विस्मरणात जाण्याचे कारण उरले नसते.

या प्रश्नाचे उत्तर व्याख्येतून देण्याऐवजी एका माणसाच्या आयुष्यातून शोधावे, असा या घटकाचा विचार आहे. हा माणूस म्हणजे ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाचे एक दिग्दर्शक विष्णुपंत गोविंद दामले. आपल्यापैकी अनेकांनी हा चित्रपट पाहिला असेल. निदान त्याचे नाव तरी ऐकले असेल. परंतु तो कोणी केला, असे विचारले तर बहुतेक जण क्षणभर थांबतील. चित्रपट सर्वांच्या ओळखीचा आणि त्याचा कर्ता मात्र मागे राहिलेला, असे का झाले असावे? हा प्रश्न मनात ठेवून आपण पुढील विवेचन वाचावे. थोरपणाच्या मूळ प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पडद्यापासून कॅमेऱ्यापर्यंत

विष्णुपंत दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी पेण येथे झाला. तरुण वयात ते कोल्हापूरला आले आणि आनंदराव व बाबूराव पेंटर या मेस्त्री घराण्यातील बंधूंच्या सहवासात चित्रकला शिकू लागले. तो संगीत नाटकांच्या भरभराटीचा काळ होता. नाटक मंडळ्यांना राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ अशा देखाव्यांचे मोठमोठे पडदे लागत आणि हे दोघे बंधू त्या कामात निष्णात होते. पडदा रंगविणाऱ्याला एक गोष्ट आपोआप शिकावी लागते. प्रेक्षकांनी पडद्याकडेच पाहत राहावे यासाठी तो रंगविलेला नसतो. त्याच्यापुढे उभा असलेला नट खरा वाटावा यासाठी तो असतो. फार भडक पडदा नाटकाला मारक ठरतो. दामल्यांच्या पुढील कामातील संयमाचे मूळ या शिक्षणात शोधता येते.

आनंदराव आणि बाबूराव यांना चित्रपटाचेही विलक्षण वेड होते. परदेशी कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेरचे असल्याने आपणच तो तयार करावा, या खटपटीला ते लागले. १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. त्यानंतर बाबूरावांनी हे काम पूर्णत्वास नेले आणि त्यात दामल्यांनी त्यांना मोलाचे साहाय्य केले. यंत्राचा प्रत्येक भाग स्वतः घडवायचा, तो बसवून पाहायचा, चुकला तर पुन्हा घडवायचा, असा तो उद्योग होता. कोणत्याही संस्थेत न शिकता हा तरुण अशा रीतीने यंत्राच्या अंतरंगापर्यंत पोहोचला. नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्या आपणांस या शिक्षणपद्धतीचे मोल वेगळे सांगावयास नको.

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. या कंपनीत दामल्यांची जोडी जमली ती फत्तेलाल यांच्याशी. एक ब्राह्मण कुटुंबातील, दुसरे मुसलमान; दोघेही चित्रकार, दोघेही बाबूरावांचे शिष्य. पुढे चित्रपटसृष्टी त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा या घरगुती नावांनी ओळखू लागली. १९२८ मध्ये दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला. त्यानंतरही दिग्दर्शक म्हणून ही दोन नावे बहुधा जोडीनेच येत राहिली. चित्रपटासारख्या कलेत श्रेयावरून मैत्री तुटल्याची उदाहरणे विपुल आहेत. या पार्श्वभूमीवर दामले-फत्तेलाल यांचे दीर्घ साहचर्य लक्षात घेण्याजोगे आहे.

४.२.२ प्रभात आणि ध्वनीचे आगमन

१ जून १९२९ रोजी कोल्हापूर येथे प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार होते. पहिल्या चौघांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत कामाचे धडे गिरविले होते, तर कुलकर्णी हे कोल्हापुरातील सराफ होते. कंपनीचा पहिला मूकपट ‘गोपालकृष्ण’ त्याच वर्षी आला. परंतु नव्या संस्थेचा जम बसतो न बसतो तोच चित्रपटाचे स्वरूपच पालटले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला.

प्रभातने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत सादर केला. त्याच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामल्यांनी उचलली. ही जबाबदारी किती कठीण होती, याची कल्पना आज सहज येणार नाही. त्या काळी नटाला कॅमेऱ्यासमोरच गावे लागे. वादक चौकटीबाहेर, परंतु आवाज पोहोचेल इतक्या अंतरावर बसत. नटाने मान वळविली तरी स्वर क्षीण होई आणि एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा आरंभापासून काम करावे लागे. चित्रकलेत मुरलेल्या माणसाने वयाच्या चाळिशीत हे संपूर्ण नवे शास्त्र आत्मसात केले.

येथे आपण किंचित थांबून विचार करावा. ध्वनिमुद्रकाचे काम उत्तम झाले तर प्रेक्षकाच्या ते लक्षातही येत नाही; शब्द ऐकू येतात, बस. ते बिघडले तरच त्याची आठवण होते. पडदा, यंत्र आणि ध्वनी ही दामल्यांच्या वाट्याला आलेली तिन्ही कामे अशीच, कर्त्याला झाकणारी आहेत. आपण प्रास्ताविकात उपस्थित केलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा येथे हाती लागतो.

१९३३ मध्ये प्रभातने आपले बिऱ्हाड पुण्याला हलविले. तेथे ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘अमरज्योती’ (१९३६) असे शांतारामांचे चित्रपट एकामागून एक आले आणि कंपनीचे नाव देशभर झाले. शांतारामांची दृष्टी नाट्यमय होती. दृश्यातून प्रेक्षकाला चकित करण्याचे सामर्थ्य तिच्यात होते. त्याच आवारात, त्याच यंत्रसामग्रीच्या साहाय्याने दामले-फत्तेलाल यांनी जो चित्रपट केला, त्याची प्रकृती मात्र अगदी निराळी निघाली.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) प्रभात फिल्म कंपनीचे पाच भागीदार कोण होते?
(आ) आरंभीच्या बोलपटांत गीतांचे ध्वनिमुद्रण कठीण का होते?

४.२.३ ‘संत तुकाराम’ची घडण

संतचरित्रावरील चित्रपट प्रेक्षकांना नवा नव्हता. ‘धर्मात्मा’ हा एकनाथांच्या जीवनावरील चित्रपट प्रभातनेच काढला होता आणि त्यात प्रत्यक्ष बालगंधर्व होते. दामले-फत्तेलाल यांनी तुकारामांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांची निवड केली. एके काळी ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या गायनात भक्तीचा ओलावा होता, पण चित्रपटातील मोठा नट म्हणून त्यांचा लौकिक नव्हता. जिजाईची भूमिका गौरी यांना मिळाली. त्याही प्रभातमध्ये लहानसहान भूमिका करणाऱ्या अभिनेत्री होत्या. पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचे आणि गीते शांताराम आठवले यांची. या सर्वांचे कौशल्य एका सुरात बांधणे हे दिग्दर्शकांचे काम होते.

चित्रपटातील तीन गोष्टी आपण बारकाईने पाहू.

पहिली गोष्ट गाण्याची. तुकारामांच्या रचना चोरून त्या आपल्या म्हणून मिरविणारा सालोमालो या चित्रपटात आहे. आरंभीच्या भागातच एकच रचना आपणांस दोन परींनी ऐकावयास मिळते. तुकाराम ती गातात तेव्हा सूर साधा, सरळ असतो; शब्द पुढे आणि गळा मागे. सालोमालो तीच रचना नाटकी थाटात, हरकती-मुरक्यांनी नटवून गातो; तेथे गळा पुढे येतो आणि शब्द हरवतात. कोण खरा कवी आणि कोण चोर, हे कोणी भाषण करून सांगत नाही. ते आपल्या कानांना कळते. ध्वनीचे शास्त्र कष्टाने शिकलेल्या दिग्दर्शकाने व्यक्तिरेखेतील भेद ध्वनीतूनच प्रकट करावा, यात विशेष औचित्य आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठीचे विद्यार्थी म्हणून तिच्याकडे आपण अधिक लक्ष द्यावे. चित्रपटातील सर्व माणसे मराठीच बोलतात, पण ती मराठी एकच नाही. रामेश्वरशास्त्र्यांच्या बोलण्यात शास्त्रवचनाचा आणि अधिकाराचा भार आहे. तुकारामांचे बोलणे मृदू असून ते केव्हा अभंगात शिरते हे कळतही नाही. जिजाईची भाषा घरातली, गोठ्यातली, कामाच्या घाईतली आहे. तिच्यात राग, माया आणि थट्टा एकाच दमात येतात. भाषाविज्ञानात आपण सामाजिक भाषाभेदांचा अभ्यास करतो. बोलणाऱ्याचा समाजातील दर्जा, त्याचा व्यवसाय आणि प्रसंग यांनुसार भाषारूप बदलते, हे तत्त्व येथे जिवंत दिसते. ज्ञान संस्कृतातच असावे की सर्वांच्या बोलीत यावे, हा तुकारामांच्या जीवनातील मूळ संघर्ष होता. तो या चित्रपटात संवादांच्या पोतातूनच ऐकू येतो. म्हणून गाथा इंद्रायणीत बुडविण्याचा प्रसंग केवळ एका कवीवरचा अन्याय राहत नाही. एका भाषेचा बोलण्याचा हक्क तेथे पणाला लागतो.

तिसरी गोष्ट जिजाईची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. संताची बायको म्हणजे कजाग, अज्ञानी स्त्री, असे सोपे चित्र रंगविणे शक्य होते. दामले-फत्तेलाल यांनी तसे केले नाही. नवरा देवाच्या नादी लागलेला, घरात दाणा नाही, मुले उपाशी, म्हैस सांभाळायची. हे सारे ज्या बाईच्या डोक्यावर आहे तिचा राग खोटा कसा म्हणता येईल? मुलगा आजारी पडतो तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायताण उगारून प्रत्यक्ष देवालाच जाब विचारते. भाविक प्रेक्षकांपुढे हे दृश्य ठेवणे धाडसाचे होते. परंतु प्रेक्षक दुखावला नाही, कारण त्या उगारलेल्या हातामागची आई त्याला दिसली. हीच जिजाई रानात बसलेल्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाते तेव्हा त्या दोघांतील स्नेह किती खोल आहे, हे एकाही मोठ्या शब्दावाचून कळते.

शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा घरी येतो तो प्रसंगही असाच आहे. दागिने आणि वस्त्रे पाहून जिजाईला आणि मुलांना झालेला आनंद चित्रपट हिणवीत नाही. तुकाराम तो नजराणा नाकारतात तेव्हा त्यांच्या विरक्तीचे थोरपण आपणांस पटते, आणि त्याच क्षणी मुलांच्या अंगावरून उतरणारी वस्त्रे पाहून मनाला टोचणीही लागते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. अखेरीस तुकाराम वैकुंठाला निघतात. संसार आणि मुले टाकून जाण्यास जिजाई तयार नसते. आकाशात जाणारा संत आणि जमिनीवर उरलेली बाई, या दोघांपैकी चित्रपट कोणालाही लहान करीत नाही.

४.२.४ थोरपणाचे निकष

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. या चित्रपटात चमत्कार आहेत. नदी गाथा परत देते, उद्ध्वस्त पिकाचे धान्य पुन्हा मिळते, गरुड विमान होऊन येतो. आजच्या तंत्रापुढे ही दृश्ये साधी वाटतील आणि तसे म्हणण्यात काही गैर नाही. तंत्र जुने होते, ते होणारच. तरीही चित्रपट जुना होत नाही, कारण त्याचा भार चमत्कारांवर नाही. चमत्काराच्या आधी आणि नंतर जे घर, अंगण, जाते, भाकरी आणि भांडण आहे, त्यावर तो उभा आहे. दामले-फत्तेलाल यांच्याच ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटात चमत्कारदृश्ये तांत्रिक दृष्ट्या अधिक सफाईदार आहेत. तोही नावाजला गेला. परंतु दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर मन अधिक काळ रेंगाळते ते ‘तुकाराम’पाशी. याचे कारण ‘ज्ञानेश्वर’मध्ये जिजाई नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आपले मत वेगळे असू शकेल. ते सकारण मांडावे.

या विवेचनातून तीन निकष हाती येतात. एक, चित्रपटातील प्रत्येक कलांग स्वतः मिरविण्याऐवजी आशयात विरून जावे. दोन, ज्या जीवनाचे चित्रण आहे त्याचा तपशील, विशेषतः बोलण्याचा आणि राबण्याचा तपशील, सच्चा असावा. तीन, ज्याची बाजू चित्रपट घेतो त्याच्या विरुद्ध उभ्या असलेल्या माणसालाही न्याय मिळावा. तिसरा निकष सर्वांत कठीण आहे. पहिले दोन कौशल्याने साधतात. तिसऱ्यासाठी मनाचा मोठेपणा लागतो.

या निकषांवर आपण ‘तुकाराम’लाही तपासले पाहिजे. जिजाईला मिळालेला न्याय सालोमालोला मिळत नाही; तो बव्हंशी हास्यास्पद खलपुरुषच राहतो. थोर कृतीतही अशा उणिवा असतात. त्या दाखविल्याने तिचे मोल कमी होत नाही, आपली पारख मात्र सुधारते.

पहिल्या निकषाचे एक उदाहरण फार बोलके आहे. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांची प्रतिमा योजून एक रचना केली. ती तुकारामांच्या वाणीशी इतकी एकरूप झाली की अनेकांनी ती तुकोबांचाच अभंग मानली. सालोमालो दुसऱ्याच्या रचनेवर आपली नाममुद्रा उमटवितो. येथे एका कवीने आपली रचना दुसऱ्याच्या वाणीत विरघळू दिली. दामल्यांनी आयुष्यभर जे केले ते याच जातीचे होते.

४.२.५ गौरव आणि अखेरची वर्षे

‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात सलग ५७ आठवडे चालला. एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. १९३७ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. ज्यांना अभंगाचा एक शब्दही कळत नव्हता अशा परीक्षकांनाही तो भिडला, हे विचारात घेण्यासारखे आहे. चित्रपट आपल्या मातीशी जितका प्रामाणिक राहिला, तितका तो दूरवर पोहोचला.

यानंतर दामले-फत्तेलाल यांनी ‘गोपालकृष्ण’ (१९३८) हा बोलपट, ‘संत ज्ञानेश्वर’ आणि राजा नेने यांच्यासह ‘संत सखू’ (१९४१) हे चित्रपट दिग्दर्शित केले. परंतु प्रभातची एकजूट आता विस्कटत होती. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांतारामही कंपनी सोडून गेले. संस्थेचा भार वाढत असतानाच दामल्यांची प्रकृती ढासळली आणि ५ जुलै १९४५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. १९५३ मध्ये प्रभातही बंद पडली. पुढे १९६० मध्ये त्याच आवारात शासनाची चित्रपटशिक्षण संस्था सुरू झाली. यंत्र स्वतः घडवून शिकलेल्या माणसाच्या कर्मभूमीत आज नव्या पिढ्या चित्रपटाचे शिक्षण घेतात.

दामल्यांचे नाव मागे का राहिले, या प्रश्नाचे उत्तर आता आपणांस देता येईल. चित्रपट पाहताना आपणांस तुकाराम दिसतात, जिजाई दिसते, देहू दिसते. दिग्दर्शक दिसत नाही. चित्रपटाचा कर्ता म्हणून दामल्यांना मिळालेले हे सर्वांत मोठे यश होते. मात्र विद्यार्थी म्हणून आपले कर्तव्य त्यापुढचे आहे. प्रेक्षकाने कर्त्याला विसरणे स्वाभाविक असले, तरी अभ्यासकाने त्याला विसरणे योग्य नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

(अ) तुकाराम आणि सालोमालो यांच्या गायनातील फरकातून काय सूचित होते?
(आ) जिजाईच्या व्यक्तिरेखेला चित्रपटाने न्याय दिला असे का म्हणता येते?

४.३ सारांश

विष्णुपंत दामले (१८९२–१९४५) यांनी पडदे रंगविण्यापासून आरंभ करून कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि दिग्दर्शन या क्षेत्रांत कार्य केले. प्रभात फिल्म कंपनीचे ते एक संस्थापक होते. फत्तेलाल यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ हा मराठी चित्रपटाचा मानदंड मानला जातो. कलांगांचे आशयात विलीन होणे, जीवनतपशिलाचा सच्चेपणा आणि विरोधी बाजूलाही मिळालेला न्याय, ही त्याच्या थोरपणाची कारणे होत.

४.४ स्वाध्याय

१. पडदे रंगविणे आणि ध्वनिमुद्रण या कामांनी दामल्यांची दिग्दर्शनदृष्टी कशी घडविली, ते सविस्तर लिहा.
२. ‘संत तुकाराम’मधील भाषारूपांचे सामाजिक भाषाभेदांच्या आधारे विवेचन करा.
३. या घटकातील तीन निकष आपल्या आवडत्या कोणत्याही एका चित्रपटाला लावून पाहा. तो कोठे उतरतो आणि कोठे कमी पडतो, ते प्रामाणिकपणे नोंदवा.

४.५ उपक्रम

‘संत तुकाराम’ मिळवून घरातील मंडळींसह पाहावा. त्यानंतर जिजाई आणि तुकाराम यांचा कोणताही एक प्रसंग आवाज बंद करून पाहावा आणि पुन्हा तोच प्रसंग डोळे मिटून केवळ ऐकावा. पाहण्यातून काय कळले आणि ऐकण्यातून काय कळले, याची टिपणे संपर्कसत्रास येताना सोबत आणावीत. घरातील वडीलधाऱ्यांनी हा चित्रपट पूर्वी पाहिला असेल तर त्यांना कोणता प्रसंग आठवतो, हेही विचारावे. मिळालेली उत्तरे या घटकातील निकषांशी ताडून पाहावीत.